भाडेकरार : अकरा महिन्यांचा कागद पुरेसा आहे का?

(बेळगाव येथे मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जुन्या घरांची अडचण आपणा सर्वांना ठाऊक आहे. मुले पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशी. निम्मा वाडा कुलूपबंद. भाड्याने द्यावा तर भाडेकरू पुढे निघेल का ही धास्ती, आणि न द्यावा तर घरपट्टी व डागडुजी पदरची. मग ओळखीचा माणूस पाहून तोंडी ठरते, नाहीतर छापील मसुद्यावर अकरा महिन्यांच्या सह्या होतात. तो कागद नक्की किती उपयोगाचा, एवढेच आज पाहू.

हे अकरा महिने आले कुठून? नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा, सालोसाल चालणारा किंवा वार्षिक भाडे ठरवलेला भाडेपट्टा नोंदवणे सक्तीचे आहे. ते टाळायचे म्हणून अकरा महिने. हा कागद बेकायदा नाही. पण अकरा महिने झाले म्हणून भाडेकरू आपोआप बाहेर पडतो, हा समज चुकीचा आहे. मुदत संपल्यावर तुम्ही पुढचे भाडे घेत राहिलात, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ११६ प्रमाणे राहत्या घराची भाडेदारी महिन्या-महिन्याने पुढे चालू राहते. मग ती संपवायला कलम १०६ खाली पंधरा दिवसांची लेखी नोटीस हवी.

दुसरा गैरसमज नोटरीचा. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. तीन वर्षांचा करार नोटरी करून कपाटात ठेवला, तर कलम ४९ मुळे त्यातल्या अटी कोर्टात शाबीत करता येत नाहीत. ताबा कोणत्या नात्याने दिला, एवढ्या आनुषंगिक गोष्टीपुरताच तो पाहिला जातो. सन २००० मध्ये अँथनी विरुद्ध इट्टूप या खटल्यात पाच वर्षांचा करार नोंदवलेला नव्हता. पाच वर्षांची मुदत धरता आली नाही, तरी माणूस भाडेकरूच आहे आणि भाडेदारी महिन्याची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. म्हणजे मालकाच्या अटी गेल्या, भाडेकरू मात्र राहिला! मुद्रांक कमी असला तर तो कागद शुल्क आणि दंड भरल्याशिवाय पुराव्यात घेतच नाहीत. तेव्हा आज वाचवलेले पैसे पुढे दंडासह जातात.

तिसरी भीती बारा वर्षांची. बारा वर्षे राहिला की घर त्याचे, असे घरोघरी ऐकू येते. हे खरे नाही. जो तुमच्या परवानगीने, भाडे देऊन राहतो त्याचा ताबा तुमच्या विरोधातला नसतो, आणि भाडेकरू म्हणून आत आलेल्याला भाडेदारी चालू असताना मालकाची मालकी नाकारता येत नाही. पण तो भाडेकरू आहे हे दाखवायला काही तरी लागते. तोंडी व्यवहार आणि पावतीविना रोख भाडे असेल तर दाखवणार काय? धोका बारा वर्षांत नाही, कागद नसण्यात आहे.

आपल्यापैकी अनेकांचा पुण्यात किंवा कोल्हापुरात फ्लॅट आहे. कोगनोळीचा नाका ओलांडला की कायदा बदलतो, हे त्यांनी विसरू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा वा लीव्ह अँड लायसेन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मूळ कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. इथला अकरा महिन्यांचा रिवाज तिकडे चालवू नका. उलट, इथे कागदावर ‘लायसेन्स’ लिहिले म्हणून भाडेदारी टळत नाही. नाव काय दिले यापेक्षा खरा व्यवहार काय होता हे पाहायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात म्हटले आहे.

आता आपल्या भाषेचा प्रश्न. करार मराठीत चालेल का? नोंदणी कायद्याचे कलम १९ वाचा. दस्ताची भाषा अधिकाऱ्याला समजत नसेल आणि ती जिल्ह्यात सर्रास वापरातही नसेल, अशा दोन्ही गोष्टी असतील तरच भाषांतराविना आलेला दस्त त्याने नाकारायचा. बेळगाव जिल्ह्यात मराठी सर्रास वापरात नाही, असे कोण म्हणेल? तेव्हा अडवणूक झाली तर हे कलम दाखवा आणि नकार लेखी कारणांसह मागा. मात्र काम अडू नये म्हणून खरे भाषांतर सोबत ठेवणे शहाणपणाचे. आणि समोरचा भाडेकरू कन्नड भाषक असेल तर त्याला समजेल असा मजकूर त्याच्या हाती देणे, हे आपलेही कर्तव्य आहे. न समजलेल्या कागदावर सही घेऊन कुणाचेच भले होत नाही.

मसुद्यात काय असावे? जागेचे नेमके वर्णन, मुदत, भाडे व ते देण्याची तारीख, अनामत आणि ती परत करण्याची पद्धत, वीज-पाण्याचे बिल कोणी भरायचे, दुरुस्ती कोणाची, नोटिशीची मुदत. नोंदवायच्या भाडेपट्ट्यावर मालक आणि भाडेकरू दोघांच्याही सह्या लागतात. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला सादर करावा लागतो.

वाडा अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसांची नोंद करून घ्या, आणि सर्व भावाबहिणींची लेखी संमती घ्या. बहिणींचाही हिस्सा असतो, हे विसरू नका. भाड्यावरून भाऊबंदकी पेटलेली घरे आपण पाहिलीच आहेत.

शेवटी एकच विनंती. भाडेकरू निघाला नाही म्हणून कुलूप बदलू नका, वीज तोडू नका. बळाने बाहेर काढलेल्या माणसाला विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा करून ताबा परत मिळवता येतो, आणि तिथे तुमची मालकी कामाला येत नाही. करार नीट लिहा, नोंदवा, भाडे बँकेत घ्या, पावती द्या. एवढे केले तर बंद पडलेल्या वाड्यांची दारे उघडायला हरकत नाही.