चपलेच्या वरही बोला!
(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



आपल्या वस्तीतला एक मुलगा विहाराच्या भिंतीवर चित्रे काढतो आहे. काल काही जणांनी चुका काढल्या, तर शिकलेली मंडळी त्यांनाच दटावू लागली, "तुम्हाला चित्रातलं काय कळतं?" त्यावर दोन शब्द बोलायला आम्ही उभे आहोत.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अपेलीस नावाचा मोठा ग्रीक चित्रकार होऊन गेला. सिकंदर बादशहाची चित्रे तो काढी. चित्र झाले की ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असे ठेवायचे आणि आपण मागे लपून लोकांचे बोलणे ऐकायचे, ही त्याची रीत. रोमन लेखक प्लिनीने ही गोष्ट लिहून ठेवली आहे. एकदा एक चर्मकार म्हणाला, चपलेला आतून एक बंद कमी आहे. अपेलीसने चूक निमूट दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी तोच कारागीर पायाबद्दल बोलू लागला. तेव्हा अपेलीस रागावून बाहेर आला आणि त्याने बजावले, की चपलेच्या वर बोलायचे नाही! युरोपात पुढे त्याची म्हणच झाली.

बंधूंनो, पहिल्या दिवशी अपेलीस मोठा होता, दुसऱ्या दिवशी लहान झाला. जन्मभर ज्याने लोकांच्या पायांची मापे घेतली, त्याला पाय कळणार नाही तर कुणाला? "आपल्या पायरीनं राहा" हे आपल्या बापजाद्यांनी काय कमी ऐकले? ते आपल्या विहारात तरी नको. परंपरा आहे किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. मग चित्र का पारखू नये?

या मुलाने १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या गर्दीला रंगीबेरंगी कपडे दिले होते. एक आजी म्हणाल्या, "बाळा, लोकं पांढरी कापडं घालून गेली व्हती." त्याने रातोरात रंग बदलला. दुसऱ्या भिंतीवर बोधिवृक्षाखाली आसन रिकामे आहे. कुणी म्हणाले, चित्र अर्धवट आहे. कुणी सांगितले, सांचीच्या जुन्या शिल्पांत बुद्धाची मूर्ती नाहीच. वृक्ष, चक्र आणि पावले यांतूनच तथागत दाखवले आहेत. आजी म्हणाल्या, "तिथं आपुन बसायचं हाय, म्हून जागा ठेवलीया." मुलगा म्हणाला, "हे मला सुचलंच नव्हतं!" आसन त्याने रिकामेच ठेवले. ऐकावे सगळ्यांचे, पण कुंचला आपल्याच हातात ठेवावा.

आम्ही गिरणीत साच्यावर होतो. फोल्डिंग खात्यात कापडातला दोष दाखवला की राग यायचा, पण पुढचे कापड चांगले निघायचे. मात्र "तुझी लायकीच नाही" म्हटले की त्या दिवशी हातच चालत नसे. काल हा मुलगा ब्रश गुंडाळून निघाला होता, तो चूक दाखवल्यामुळे नव्हे, असल्याच एका शब्दामुळे.

म्हणून बोला, चपलेच्या वरही बोला. पण दोष चित्रातला दाखवा, पोराची लायकी काढू नका. अजून एक भिंत कोरी आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!