घरातील गारव्याचा तोल



वसंतातील व्याख्यानासाठी उन्हाळ्याचा विषय निवडावा हे थोडे अरसिकपणाचे आहे खरे. परंतु चैत्र सरत आला आहे, आणि या सभागृहातील पंख्यांकडे वारंवार वळणाऱ्या नजरा आम्हांस व्यासपीठावरून दिसत आहेत. तेव्हा विषय अगदीच अस्थानी ठरू नये.

'एसी' म्हणजे गार करण्याचे यंत्र, अशी आपली समजूत असते. त्याची जन्मकथा निराळी आहे. १९०२ साली विलिस कॅरिअर या तरुण अमेरिकन इंजिनिअराने ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी ही योजना आखली, ती माणसांच्या सुखाकरिता नव्हे, तर कागदाकरिता! दमट हवेत कागद फुगे, कोरड्या हवेत आकसे, आणि एकावर एक छापायचे रंग जागा सोडीत. हवेतील पाणी ताब्यात ठेवणे हा मूळ हेतू. माणसाची पाळी पुढे आली. सांगायचे एवढेच की हे यंत्र दोन कामे करते : हवेतील उष्णता काढते आणि ओलावाही काढते. या दोहोंचा तोल ज्याला समजला, त्याला निम्मा विषय समजला.

आता आपल्या शरीराकडे पाहू. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकीत असतो; म्हणजे जुन्या काळचा शंभराचा एक दिवाच म्हणा ना. ही उष्णता जाण्याचे मार्ग थोडे. भोवतालची हवा कातडीपेक्षा गार असेल तर ती हवेत जाते, भिंती गार असतील तर भिंतींकडे जाते. दोन्ही तापल्या की उरतो तो घाम. आणि घाम सुकला तरच गारवा मिळतो, नुसता गळून उपयोग नाही. म्हणून मुंबईचे ३४ अंश नकोसे होतात. तेथे हवा शेकडा ६५ दमट असली, तर ओले फडके गुंडाळलेला तापमापक २८ अंशांच्या खाली उतरत नाही. उलट नागपुरास मे महिन्यात ४४ अंश आणि दमटपणा अवघा १५ असताना तोच ओला तापमापक २३ अंशांच्या आसपास येतो. पाणी नागपुरास जे काम करू शकते, ते मुंबईस करू शकत नाही.

वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणाऱ्या आपल्या वाडवडिलांना हे आकडे ठाऊक नव्हते. पण रहस्य ठाऊक होते. कूलर म्हणजे त्याच ताटीला पंखा जोडलेला. मात्र पुष्कळ घरांत कूलर लावून दारे-खिडक्या गच्च बंद करतात. मग तीच ओली हवा खोलीत कोंडते आणि तासाभरात नागपूरची मुंबई होते! कूलरसमोरची खिडकी उघडी हवी. आलेली हवा गेली पाहिजे. याहून मोठी चूक म्हणजे एसीच्या बंद खोलीत कूलरही चालवायचा. एक यंत्र हवेत पाणी घालते, दुसरे तेच पाणी विजेच्या खर्चाने काढते. सासू-सुनेने एकाच भाजीत आळीपाळीने मीठ आणि पाणी घालीत बसावे, तसा हा प्रकार!

आता 'टना'चे. एक टन म्हणजे यंत्राचे वजन नव्हे. एक अमेरिकन टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषील, तेवढी यंत्राची शक्ती. आपल्या हिशेबात साधारण साडेतीन किलोवॅट. दुकानात आपण 'मोठेच द्या' म्हणतो. लहान खोलीत मोठे यंत्र लावले की हवा झटक्यात गार होते, यंत्र थांबते, आणि ओलावा तसाच राहतो. कोकणपट्टीत अशा खोल्यांत अंथरूण चिकट लागते, कपाटाला बुरशीचा वास येतो. ओलावा काढायला यंत्र मंद का होईना, पण चालत राहावे लागते. हल्लीच्या इन्व्हर्टर यंत्रांत ते कमी वेगाने चालण्याची सोय आहे. परंतु खोलीला न साजणारे माप त्यांनाही पूर्ण सावरता येत नाही.

दुसरा घराघरांतला तंटा अंशांचा. बाहेरून आलेला मुलगा रिमोटवर १८ लावतो. यंत्र हे टांग्याचे घोडे नव्हे की चाबूक दाखविल्याबरोबर धावत सुटेल. खोली ३६ अंशांवर असेल तर १८ लावा की २५, सुरुवातीला ते सारख्याच पूर्ण शक्तीने चालणार. फरक एवढाच की १८ लावल्यास थांबायचे नाव घेणार नाही. १ जानेवारी २०२० पासून सरकारी नियमाने नवी घरगुती यंत्रे २४ अंशांवर सुरू होतात, आणि एकेक अंश वर चढविला की सुमारे शेकडा ६ वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरोचे सांगणे आहे. आमचे मत असे की २६ अंश आणि डोक्यावर मंद पंखा ही जोडी सर्वांत उत्तम. वाऱ्यामुळे अंगाला दोन-तीन अंश कमी भासतात, आणि नव्या पंख्याला वीज लागते तीसेक वॅट. पण बाहेरची हवा ४० अंशांपलीकडे गेली, की यंत्राविना नुसता पंखा कोरडी आग अंगावर फेकतो, हेही विसरू नये.

तरीही कित्येकदा २४ लावूनही चैन पडत नाही. दोष यंत्राचा नसतो, डोक्यावरच्या स्लॅबचा असतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खाली उष्णता सोडतो. हवा गार, छप्पर गरम, आणि मध्ये आपण भाजतो. जुन्या धाब्याच्या घरांना ही पीडा कमी होती, कारण माती जाड होती. गच्चीला पांढरा चुना वा उन्हाला परतवणारा रंग, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून — आतून नव्हे — चटईचा पडदा : हा खर्च यंत्राच्या आधी करावा. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून घरात शिरलेलेच असते.

हा सारा केवळ चैनीचा प्रश्न आहे काय? २०१०च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात शहरात एरव्हीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, असे अभ्यासकांनी मोजले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी मुकाबल्याची योजना आखली. म्हाताऱ्यांना घाम कमी येतो, तहानही कमी लागते. ते तक्रार करीत नाहीत, म्हणून त्यांना उकडत नाही असे आपण मानतो. आमच्या पाहण्यात अशी घरे आहेत की जेथे एकुलते यंत्र मुलगा-सुनेच्या खोलीत आहे आणि आजोबा वरच्या मजल्यावर स्लॅबखाली! मेच्या कडक दिवसांत सगळ्या घराने एका खोलीत अंथरुणे घालावीत. आपण गच्चीवर रांगेने झोपलेली माणसे आहोत. ते जड जाऊ नये.

आणि स्वयंपाकघर? तेथे यंत्र कोणी लावीत नाही. निदान धूर ओढणारा पंखा लावा, आणि कडक उन्हाळ्यात पोळ्या सकाळी नऊच्या आत होऊ द्या. दुपारी बारा वाजता गरम फुलका मागणाऱ्याने तो स्वतः लाटावा.

शेवटी शेजाऱ्यांचे. दीड टनाचे यंत्र खोलीतून सव्वापाच किलोवॅट उष्णता काढते, त्यात स्वतःच्या विजेची भर घालते आणि सारे मिळून साडेसहा-पावणेसात किलोवॅट बाहेर फेकते. बाहेरचा डबा अरुंद बोळात समोरच्याच्या खिडकीवर रोखून लावला, तर तो बिचारा उद्या स्वतःचे यंत्र आणून तुमच्याकडे रोखतो, आणि दोन्ही यंत्रे तापलेली हवा ओढीत धापा टाकतात. डबा गच्चीवर, सावलीत, मोकळ्या वाऱ्यात ठेवावा. तांब्याची नळी चार हात जास्त लागेल, एवढेच.