घराभोवतीचे पाच गुंठे : फळझाडे आणि जपानी लावे

(टेमघर, तालुका भिवंडी येथे परिसरातील पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



टेमघर म्हटले की राज्यातील बहुतेकांना मुळशीचे धरण आठवते. आपले टेमघर निराळे. शहाडला उल्हास नदीतून उचललेले पाणी येथे शुद्ध होते आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदर या शहरांकडे जाते. एकेकाळी भातखाचरांचे असलेले हे गाव आज भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. एका बाजूस यंत्रमाग, दुसऱ्या बाजूस गोदामे आणि मधून रुंद होत जाणारे रस्ते, अशी या परिसराची आजची मांडणी आहे. आसपासच्या ज्या गावांत अद्याप ग्रामपंचायती आहेत, त्यांनाही हीच वाट समोर दिसते. पुष्कळ कुटुंबांचे खाचर गेले. राहिले ते घर, घरामागचा बांध आणि चार-पाच गुंठे जागा. या जागेचे काय करावे, हा प्रश्न घेऊन लोक अधिकाऱ्यांकडे नंतर जातात. आधी ते आपणांकडे, म्हणजे पंचायत सदस्याकडे किंवा गुरुजींकडे येतात. त्यांना काय सांगावे, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे. मी कला शाखेचा पदवीधर आणि नोकरीने माहिती अधिकारी. तज्ज्ञांचे म्हणणे सुगम करून सांगणे, हे माझे काम.

अलीकडे विचारणा होते ती विशेषतः लाव्यांची. ‘सहा आठवड्यांत अंडी’ हे शब्द कानांवर पडले की माणूस हिशेब करण्यापूर्वीच पिंजरा घेऊन येतो. तेव्हा आधी हा पक्षी कोणता, ते पाहू. आपल्या गवताळ बांधांवर आणि माळावर पायांखालून भुर्रकन उडणारा लावा निराळा आणि पाळला जाणारा जपानी लावा निराळा. जपानी लावा १९७४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथून उत्तर प्रदेशातील इज्जतनगरच्या संशोधन संस्थेत आणण्यात आला आणि तेथूनच देशभर पसरला. रानातला लावा पकडणे वा विकणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. या दोहोंच्या साधर्म्यामुळे एकदा मोठी पंचाईतही झाली. जपानी लाव्यांच्या पालनासाठी नवे परवाने देऊ नयेत, असे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०११ मध्ये राज्यांना कळविले. २०१३ मध्ये हा निर्बंध उठला, पण मधल्या काळात या धंद्यात पाऊल टाकू पाहणाऱ्यांची कुचंबणा झाली. यास्तव पिल्ले घेताना ती कोणत्या उबवणी केंद्रातून घेतली याची पावती जपून ठेवावी. जाळे लावून धरलेले चार रानलावे त्यांत मिसळण्याचा मोह कोणी करू नये. मुलांना हे समजावून सांगण्याचे काम शिक्षकांइतके चांगले दुसरे कोण करणार?

आता हिशेब. लाव्याचे अंडे दहा ते बारा ग्रॅमचे असते. म्हणजे वजनाने पाच अंडी मिळून कोंबडीचे एक. मादी सहा-सात आठवड्यांची झाली की अंडी घालू लागते आणि चांगली निगा असेल तर वर्षाला अडीचशेपर्यंत अंडी देते. समजा, एखाद्या घरी शंभर पक्षी आहेत व त्यांत पंचाहत्तर माद्या आहेत. प्रत्येक पक्षी दिवसाला वीस ते पंचवीस ग्रॅम खाद्य खातो. तेव्हा शंभरांना रोज अडीच किलोपर्यंत खाद्य लागेल. उत्तम दिवशी साठ अंडी मिळाली, तरी त्यांचे वजन कोंबडीच्या बारा अंड्यांएवढेच भरेल. अडीच किलो खाद्य देऊन बारा अंडी, असा हा सौदा आहे. लाव्याच्या अंड्याला त्याच्या वजनाहून अधिक किंमत देणारे गिऱ्हाईक ठरलेले असेल, तरच तो परवडतो. भिवंडी, कल्याण, ठाणे येथील खाणावळी आणि मांसविक्रेते जवळ आहेत, ही आपली जमेची बाजू होय. परंतु पिल्ले आणण्यापूर्वी दोन-तीन दुकानदारांशी प्रत्यक्ष बोलणी व्हावीत. जो पिल्ले विकतो तोच ‘सगळी अंडी परत घेईन’ म्हणत असेल, तर त्याच्याकडून ते लिहून घ्यावे.

या हिशेबातच एक सुधारणा दडलेली आहे. केवळ खाण्याची अंडी विकायची असतील, तर नराची मुळीच गरज नसते. नराशिवायही मादी अंडी घालते आणि अशी अफलित अंडी अधिक टिकतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास नराच्या छातीवरील पिसे तांबूस एकरंगी दिसू लागतात, तर मादीच्या छातीवर काळसर ठिपके असतात. तेव्हाच नर वेगळे काढून पाचव्या आठवड्यात मांसासाठी विकावेत. पंचवीस नर कमी झाले की रोजचे अर्धा किलोहून अधिक खाद्य वाचते. वरकरणी किरकोळ वाटणारी ही बचत घरगुती धंद्यात फार मोठी ठरते.

पिल्लांचे पहिले दोन आठवडे हीच खरी परीक्षा. जन्मतः पिल्लू सात-आठ ग्रॅमचे, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढे असते. पहिल्या आठवड्यात त्याला ३५ ते ३७ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्यास ती तीन अंशांनी उतरवीत न्यावी. रात्री वीज गेली आणि ऊब तुटली, तर पिल्ले एकमेकांवर ढीग करून बसतात आणि खालची गुदमरून मरतात. ज्या घरी विजेस पर्याय नाही, त्या घराने एक दिवसाची पिल्ले न घेता तीन-चार आठवड्यांची घ्यावीत; किंमत जास्त पडेल, पण झोप लागेल. पाण्याच्या उथळ भांड्यातही पिल्ले बुडतात, म्हणून भांड्यात स्वच्छ खडे किंवा गोट्या टाकाव्यात. दचकले की लावे सरळ वर उडतात आणि छताला डोके आपटून घेतात. त्याकरिता पिंजरा बुटका, सुमारे दहा इंच उंचीचा करावा. जाळी अर्ध्या इंचाची असावी. उंदीर, मुंगूस आणि मांजर हे येथील नित्याचे पाहुणे आहेत, हे मी आपणांस सांगायला नको. जपानी लावी खुडूक होत नाही, स्वतःची अंडी उबवीत नाही. घरची पैदास करायची तर उबवणी यंत्र तरी हवे किंवा खुडूक कोंबडी तरी. नवख्याने या भानगडीत पडू नये.

काही जण विचारतात, की झाडांखाली लावे मोकळे सोडले तर? सोडल्यास ते संध्याकाळी परत येणार नाहीत. कोंबडीसारखी घराची ओढ या पक्ष्याला नाही. झाडाने पक्ष्याला द्यायची ती सावली आणि पक्ष्याने झाडाला द्यायचे ते खत. आपल्याकडे भाताचे तूस सहज मिळते. ते पिंजऱ्याखाली पसरावे. पावसाळ्यात मात्र ते ओले राहता कामा नये. ओल्या तुसातून उग्र वाफ सुटते, पक्षी डोळे मिटून बसू लागतात आणि पाठोपाठ रक्ती हगवण येते. काढलेले तूस व विष्ठा थेट झाडाच्या बुंध्याशी टाकू नये, मुळे करपतात. पालापाचोळ्यासह दोन-तीन महिने खड्ड्यात कुजवून मगच द्यावे.

एका संकटाविषयी आडपडदा न ठेवता बोलले पाहिजे. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, वेहळोली येथे बर्ड फ्लू आढळला आणि भोवतालच्या एक किलोमीटर परिघातील पक्षी नष्ट करण्याची कारवाई हाती घ्यावी लागली. लावाही या रोगाला बळी पडतो. एका छपराखाली लावे, कोंबड्या आणि बदके कोंडू नयेत, अकस्मात मरतूक झाल्यास मेलेले पक्षी नाल्यात न टाकता पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे आणि पक्ष्यांची संख्या तेथे आधीच नोंदवून ठेवावी. दडवादडवीने शेजाऱ्याचेही घर बुडते.

म्हणून माझा सल्ला असा की, परसाचा पाया फळझाडांचा असावा आणि लावे ही त्यावरची जोड असावी. झाडांची मिळकत सावकाश येते हे खरे. पपई नऊ-दहा महिन्यांत, केळ वर्षभराने, कागदी लिंबू तीन-चार वर्षांनी आणि आंब्याचे कलम पाचव्या-सहाव्या वर्षी हाती लागते. लाव्यांचा पैसा या मधल्या काळापुरता उपयोगी पडतो, असे समजावे.

पाच गुंठ्यांत, त्यांतून घर व अंगण वजा जाता, मोठी झाडे दोन-तीनच मावतात. आंबा व चिकू यांस एकमेकांपासून दहा मीटर अंतर हवे. एक आंबा, एक चिकू, कुंपणाला शेवगा आणि करवंद, न्हाणीच्या सांडपाण्यावर केळी, विहिरीच्या वाटेवर लिंबू, एवढे पुरे. चिकू ‘कालीपत्ती’ घ्यावा. शेजारच्या पालघर जिल्ह्यात घोलवडच्या चिकूने भौगोलिक मानांकन मिळविले आहे, म्हणजे हवामानाची शंका उरत नाही. आंब्यात हापूसच हवा असा हट्ट नको. हापूस एक वर्ष देतो आणि एक वर्ष हुलकावणी देतो. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘रत्ना’ ही नीलम आणि हापूस यांच्या संकराची जात घरगुती वापरासाठी विचारात घेण्याजोगी आहे.

आपल्याकडची खरी अडचण पाण्याच्या टंचाईची नसून ते साचण्याची आहे. खाचरात मुरूम व दगडांचा भराव टाकून घरे झाली. वरून जमीन कोरडी दिसते आणि आषाढात फूटभर खाली पाणी उभे असते. पपईच्या मुळाशी पाणी थांबले की ती कुजलीच. तेव्हा अशा ठिकाणी झाड खड्ड्यात न लावता उंचवट्यावर लावावे आणि उताराच्या दिशेने चर काढावा. भरावाच्या जागी आंब्यासाठी मीटरभर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यातील दगड-मुरूम काढून टाकावा आणि पोयट्याची माती व शेणखत भरावे. कलमाचा जोड मातीच्या वर राहील याकडे लक्ष ठेवावे व जोडाखालून फुटणारे धुमारे काढीत जावेत. अन्यथा कलम मरते, रायवळ वाढते आणि मालकाला सहा वर्षांनी ते कळते.

झाड कोठे लावायचे, हे विचारपूर्वक ठरवावे, कारण महानगरपालिकेच्या हद्दीत १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. हद्दीबाहेरही आंबा, फणस, जांभूळ यांच्या तोडीवर १९६४ च्या कायद्याचे नियंत्रण आहे. घराचा विस्तार जिकडे होणार, तिकडे आंबा लावू नये. ज्यांची जागा सातबाऱ्यावर आहे, त्यांनी भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत आपण बसतो काय, हे सहायक कृषी अधिकाऱ्याकडे विचारावे.

या पट्ट्यात रस्त्यांसाठी भूसंपादन वरचेवर होत असते. समृद्धी महामार्गाचे टोक याच तालुक्यात, आमणे येथे आले. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २९ प्रमाणे जमिनीवरील झाडांचे मूल्यही ठरविले जाते. पण झाड कागदावर नसेल, तर ते होते हे सिद्ध करता करता म्हाताऱ्या माणसाच्या चपला झिजतात. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवरून खातेदाराने स्वतः करावयाची आहे आणि तीत फळझाडे व बांधावरची झाडे नोंदविता येतात. ज्या घरी मोबाईल आहे पण तो वापरणारे हात थरथरतात, तेथे गुरुजींनी वरच्या वर्गातील एखाद्या मुलाला पाठवावे. त्याने आजोबांबरोबर बांधावर उभे राहून छायाचित्र घ्यावे, झाडांची संख्या भरावी आणि पुढे ती नोंद सातबाऱ्यावर उतरली की नाही, हे पाहून यावे.