बँक खात्याचा प्रकार का महत्त्वाचा?

(पहाडगंज, नवी दिल्ली येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



नवी दिल्ली रेल्वे स्थानकापासून मुख्य बाजारातून आपण इथवर चालत आलात. या एका रस्त्यावर बँक खात्यांचे बहुतेक प्रकार नांदत असतात. हॉटेलमालकाचे दिवसभर व्यवहार चालतात, म्हणून त्याचे चालू खाते असते. त्यावर व्याज नाही. परंतु व्यवहारांची मोकळीक असते आणि बँकेने मंजूर केल्यास शिल्लकेहून अधिक रक्कम उचलता येते. त्याच हॉटेलात उतरलेला परदेशी पर्यटकही बाहेरून आणलेल्या पैशातून एनआरओ खाते उघडू शकतो, हे आपल्यापैकी अनेकांना नवे वाटेल. खाते सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ चालवले नसेल आणि त्यात व्याजाखेरीज स्थानिक रक्कम जमा झाली नसेल, तर जाताना तो उरलेली शिल्लक परत नेऊ शकतो. पैसा कोठून येतो, किती वेळा हलतो आणि किती दिवस स्थिर राहतो, यावरून खात्याचा प्रकार ठरतो.

आपले खाते बहुधा बचत खाते असेल. त्याच्या इतिहासातील दोन तारखा आपण पाठ करता. त्यांचा अर्थही पाहू. 1 एप्रिल 2010 पूर्वी महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिल्लकेवर व्याज मिळे. समजा, खात्यात 500 रुपये आहेत आणि घरून 11 तारखेला 9,000 रुपये आले. त्या महिन्याचे व्याज केवळ 500 रुपयांवरच मिळत असे. पगार वा मनीऑर्डर उशिरा येणाऱ्या माणसाचे यात नुकसान होते. आता व्याज दररोजच्या शिल्लकेवर मोजले जाते. दुसरी तारीख 25 ऑक्टोबर 2011. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेने बचत खात्याचा व्याजदर ठरविण्याचे स्वातंत्र्य बँकांना दिले. म्हणून आज दोन बँकांचे दर वेगळे असू शकतात.

मुदत ठेव किमान 7 दिवसांची, तर आवर्ती ठेव दरमहा ठरावीक रक्कम भरण्याची. त्यावर अधिक बोलत नाही. मला थांबायचे आहे ते किमान शिल्लकेपाशी.

व्याख्यानापूर्वी तुमच्यातील एकाने मला आपले पासबुक दाखविले. शिष्यवृत्तीची रक्कम जमा झाली आणि मागील काही महिन्यांचा किमान शिल्लक न राखल्याचा आकार तीतून लगेच वजा झाला. त्याची तक्रार रास्त आहे का? 1 एप्रिल 2015 पासून लागू असलेल्या नियमांनुसार, शिल्लक घटल्यावर बँकेने ग्राहकास कळवून ती भरून काढण्यास किमान एक महिना द्यायचा असतो, आकार तुटीच्या प्रमाणात हवा आणि केवळ या आकारामुळे खाते उणे होता कामा नये. या तीन कसोट्यांवर त्याने आपला हिशेब तपासावा व लेखी विचारणा करावी, असे मी त्याला सांगितले. शिवाय, शिष्यवृत्ती वा थेट लाभ हस्तांतरासाठी उघडलेली शून्य शिल्लक खाती दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार नसला तरी निष्क्रिय ठरवू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2024 च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे.

मुळात त्याने मागायला हवे होते ते मूलभूत बचत ठेव खाते. नोव्हेंबर 2005 मध्ये 'नो फ्रिल्स' या नावाने ही कल्पना आली. त्या नावात किंचित हीनत्व होते, असे मला नेहमी वाटे. ऑगस्ट 2012 मध्ये ते बदलले. यात किमान शिल्लकेची अट नाही, एटीएम कार्ड विनाशुल्क मिळते, महिन्यातून किमान चार वेळा पैसे काढता येतात. 28 ऑगस्ट 2014 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनधन योजनेची खाती याच पायावर उभी आहेत. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. हे खाते गरिबांसाठीच असते, असा समज खिडकीच्या दोन्ही बाजूंना आढळतो. तो चुकीचा आहे. ते कोणालाही मागता येते. कागदपत्रे अपुरी असतील तर छायाचित्र व स्वाक्षरीवर 'छोटे खाते' उघडते. त्यात शिल्लक 50,000, वर्षातील एकूण जमा 1 लाख आणि महिन्यातील उचल 10,000 रुपयांपर्यंतच असते.

प्रकार कोणताही असो, बँकच अडचणीत आली तर? 23 सप्टेंबर 2019 रोजी पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना प्रारंभी केवळ 1,000 रुपये काढण्याची मुभा होती. त्या वेळी ठेव विमा 1 लाखाचा होता. 4 फेब्रुवारी 2020 पासून तो 5 लाखांचा झाला. परीक्षेत येथे गल्लत होते. बचत, चालू, मुदत अशी एकाच बँकेतील एकाच व्यक्तीची सारी खाती मिळून, मुद्दल व व्याज धरून, ही मर्यादा आहे. प्रत्येक खात्याला स्वतंत्र नव्हे.

आता पासबुक सोबत असलेल्यांनी त्याचे पहिले पान उघडावे. आपले प्रश्न तेथूनच घेऊ.