झोपेची गोळी हळूहळू सोडताना



राजापूर तालुक्यातल्या कितीतरी घरांत आज दोनच माणसं राहतात, काही घरांत एकच. मुलं मुंबईला. घरात औषधांचा एक डबा असतो. त्यात बीपीची गोळी, साखरेची गोळी आणि रात्री घ्यायची एक छोटीशी गोळी. कुणी तिला झोपेची गोळी म्हणतं, कुणी टेन्शनची. चिठ्ठीवर नाव असतं अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम किंवा डायझेपाम. या सगळ्या एकाच कुळातल्या, बेन्झोडायझेपिन कुळातल्या. घरातलं माणूस गेलं, मोठं ऑपरेशन झालं, तेव्हा थोड्या दिवसांसाठी सुरू झालेली ही गोळी डब्यात वर्षानुवर्षं राहून जाते. ती सोडायची कशी, याबद्दल आज बोलायचं आहे. त्याहीपेक्षा, ती एकदम का सोडायची नाही, याबद्दल.

औषध म्हणून ही गोळी वाईट नाही. या कुळातलं पहिलं औषध १९६० साली बाजारात आलं, डायझेपाम १९६३ साली. त्याआधी झोपेसाठी बार्बिट्युरेट देत, आणि त्याचा डोस जास्त झाला तर श्वास मंदावून माणूस दगावत असे. त्या मानाने या गोळ्या पुष्कळ सुरक्षित ठरल्या. फिट थांबवायला आजही याच वापरतात.

अडचण सुरू होते ती रोज, आठवडेच्या आठवडे घेतल्यावर. आपल्या मेंदूत गाबा नावाचं एक रसायन आहे. ते मेंदूची धावपळ शांत करतं, आणि ही गोळी त्याचा परिणाम वाढवते. रोज बाहेरून अशी मदत मिळू लागली, की मेंदू त्याची सवय करून घेतो आणि त्याची स्वतःची शांत होण्याची ताकद मंदावते. काहींच्या बाबतीत हे तीन-चार आठवड्यांतच घडतं. डॉक्टरांनी सांगितल्याबरहुकूम, एकही जादा गोळी न घेता घडतं. म्हणूनच अशा आजीला किंवा काकांना घरच्यांनी ‘तुला व्यसन लागलंय’ असं म्हणू नये. ते खरंही नाही, आणि त्या शब्दाने माणूस गोळी लपवून घ्यायला लागतो.

मग ती गोळी अचानक बंद झाली तर काय होतं? झोप साफ उडते. छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, जीव घाबरा होणं. भांड्याचा आवाजही सहन होत नाही. काहींना फिट येते, काही भ्रमात बरळू लागतात, आणि त्यात जिवाला धोका असतो. अल्प्राझोलामसारखी गोळी शरीरातून लवकर निघून जाते, त्यामुळे तिचा त्रास एक-दोन दिवसांतच जाणवतो. डायझेपाम रेंगाळत जाते, तिचा त्रास उशिरा, कधी आठवड्यानेही सुरू होतो. तोवर घरचे विसरलेले असतात की गोळी थांबली होती.

आपल्याकडे अचानक बंद होण्याची दोन कारणं मला ठळक दिसतात. पहिलं पाऊस. अर्जुना आणि कोदवली नद्यांचं पाणी राजापूरच्या जवाहर चौकात शिरलं की बाजार बंद. पाचल-रायपाटणकडच्या माणसाने चार दिवस मेडिकल गाठायचं कसं? शिवाय १ मार्च २०१४पासून यांतल्या काही गोळ्या ‘एच-१’ यादीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या देता येत नाहीत आणि मेडिकलवाल्याला त्यांची वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते. हा नियम योग्यच आहे. पण म्हणूनच जून-जुलैत चिठ्ठी वेळेवर नवी करून घ्या, शेवटच्या गोळीची वाट पाहू नका.

दुसरं कारण गणपती. मुलगा मुंबईहून येतो, डबा उघडतो, कुठेतरी ऐकलेलं असतं की या गोळ्यांनी स्मरणशक्ती जाते, म्हातारपणी तोल जाऊन माणूस पडतो. हे खरंही आहे. पण तो पाकीटच उचलून टाकून देतो. आईच्या काळजीपोटीच करतो, आणि तिला थेट संकटात लोटतो. माझ्या चाकरमानी बांधवांनो, हे करू नका. सुट्टीतला एक दिवस काढा आणि आईबरोबर तिच्या डॉक्टरांकडे जा.

सोडण्याची रीत अशी. डॉक्टर साधारणपणे दर दोन ते चार आठवड्यांनी डोस ५ ते १० टक्क्यांनी कमी करतात, आणि तब्येत पाहून पुढची पायरी ठरवतात. आता हिशेब पाहा. रोजची एक गोळी तोडून अर्धी केली, तर ती थेट ५० टक्के कपात झाली. ही उडी फार मोठी आहे. एक दिवस घ्यायची, एक दिवस नाही, हाही घरगुती उपाय चुकीचा. त्याने शरीर रोज हेलकावे खातं. कमी ताकदीच्या गोळ्या मिळतात, कधी डॉक्टर संथ जाणारी दुसरी गोळी देतात. काही गोळ्या हळूहळू विरघळाव्यात म्हणून बनवलेल्या असतात, त्या तोडायच्याच नसतात. हे सगळं डॉक्टरांनी ठरवावं.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला प्राध्यापक हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं याच कामासाठी दवाखाना चालवला. वेग पेशंटच्या कलाने ठेवावा, हा त्यांचा आग्रह होता, आणि मला तो पूर्ण पटतो. महिने लागतात, कुणाला वर्षही लागतं. एखाद्या पायरीवर त्रास वाढला तर तिथेच काही आठवडे थांबावं. अशा वेळी दोन रात्री झोप आली नाही की घरात म्हणतात, ‘बघ, जुनं दुखणं उलटलं.’ बहुतेक वेळा ते दुखणं नसतं, कपातीचा त्रास असतो, आणि तो ओसरतो.

या काळात दारू पूर्ण बंद. गोळी कमी केली म्हणून रात्री थोडी घेतली, हे गोळीपेक्षा घातक. दुपारी जेवून दोन तास झोपण्याची आपली सवय आवरा, संध्याकाळनंतर चहा नको, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठा.

रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ सालापासून आहे. तिथे जायला लोक लाजतात. झोपेच्या गोळीसाठी तिथला सल्ला घेणं यात लाजण्यासारखं काहीही नाही. जाणं शक्य नसेल तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं.

गोळी थांबल्यावर कुणाला फिट आली, किंवा माणूस भलतंसलतं बोलू लागला, तर सकाळची वाट पाहू नका, १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. दवाखान्यात जाताना गोळ्यांचं रिकामं पाकीट बरोबर न्या, आणि शेवटची गोळी कोणत्या दिवशी घेतली होती ते डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा.