आणेवारीचा काटा कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



शासनाने निर्णय घेताना वस्तुनिष्ठ निकष वापरावेत, या मागणीला तत्त्वतः कोणाचाच विरोध नसतो. मंत्र्याच्या मर्जीपेक्षा नियम बरा आणि कलेक्टरच्या लहरीपेक्षा आकडा बरा, हे खरेच आहे. अधिकाऱ्याच्या स्वेच्छाधिकाराला वेसण घालायची तर मोजमाप हवे. परंतु मोजमाप आले की न्याय आपोआप येतो, असे समजून चळवळीतले कार्यकर्तेही पुष्कळदा निर्धास्त होतात. ही समजूत तपासून पाहायला आणेवारीइतके जवळचे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

आणेवारी, म्हणजे आजच्या भाषेत पैसेवारी, हा दिसायला साधा व्यवहार. ठरलेल्या प्रमाण उत्पन्नाशी चालू सालचे उत्पन्न ताडून पाहायचे आणि रुपयात किती पैसे पीक आले ते लिहायचे. सप्टेंबरात नजर पैसेवारी, ऑक्टोबरात सुधारित, डिसेंबरात अंतिम. पन्नास पैशांच्या आत आकडा आला की गाव टंचाईत धरायचे, ही वर्षानुवर्षांची चौकट. त्या आकड्यावर जमीन महसुलातील सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी, पिण्याच्या पाण्याचे टँकर, एवढे सारे अवलंबून. शेजारच्या गावाची पैसेवारी एकोणपन्नास आणि आपली एक्कावन्न निघाली तर मधल्या बांधावर नक्की काय बदलले, असे शेतकरी विचारतो. त्याला उत्तर मिळते ते एवढेच की आकडा तसा आला आहे.

या आकड्याशी झालेली सर्वांत गाजलेली लढत मुंबई इलाख्यातच झाली. १९१७ च्या अतिवृष्टीने गुजरातेत खेडा जिल्ह्याचे पीक बुडाले. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या सालचा सारा संपूर्ण तहकूब व्हावा, असा सरकारचाच नियम होता. नियमाबद्दल वाद नव्हता, वाद होता तो आकड्याबद्दल. सरकारी कागद म्हणत होते, पीक चार आण्यांच्या वर आहे. रयत म्हणत होती, खाली आहे. भारत सेवक समाजाच्या मंडळींनी गावोगाव जाऊन चौकशी केली. तिच्यात अमृतलाल ठक्कर होते, तसेच पुढे कामगार चळवळीचे धुरीण झालेले ना. म. जोशीही होते. निःपक्ष चौकशी नेमा, एवढीच लोकांची मागणी होती आणि नेमकी तीच सरकारला उद्धटपणाची वाटली. सारा माफ करणे सरकारला एक वेळ परवडले असते, कारण माफी ही कृपा असते. आपला आकडा रयतेने तपासावा हे मात्र त्याला सोसवेना. मार्च १९१८ मध्ये सत्याग्रहाची प्रतिज्ञा झाली. जूनमध्ये तडजोड झाली ती अशी की सधनांनी सारा भरावा आणि गरिबांना तहकुबी मिळावी. गांधीजींनी आत्मकथेत या शेवटाबद्दल असमाधान नोंदवले आहे: गरीब कोण हे ठरवण्याचा हक्क लोकांचा होता, पण तो त्यांना बजावता आला नाही आणि तहकुबीचा लाभ फार थोड्यांच्या पदरात पडला. विजयोत्सवाच्या वर्णनात हे वाक्य सहसा कोणी उद्धृत करीत नाही.

दहा वर्षांनी बारडोलीत तोच प्रश्न साऱ्याच्या फेरआकारणीवरून उभा राहिला. तेथे लढ्याच्या जोरावर चौकशी पदरात पडली. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन सरकारी अधिकाऱ्यांनीच गावे पाहिली, ज्या खंडाच्या आकड्यांवर वाढ बेतली होती ते भरवशाचे नाहीत असे त्यांना आढळले, आणि २२ टक्क्यांची वाढ सहा टक्क्यांच्या आसपास उतरली. शास्त्रशुद्ध म्हणून मिरवणारा आकडा उलटतपासणीत एवढा आकसला!

आकड्याचे हे दुबळेपण नेहमी लबाडीतूनच येते असे नाही. १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांवरून संख्याशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी दाखवून दिले की कापणीसाठी आखलेला तुकडा फार लहान असेल तर उत्पन्न वास्तवापेक्षा जास्त निघते. कडेवरची ताटे आत की बाहेर हे ठरवताना ती आतच धरण्याकडे माणसाचा कल असतो. शेत तेच, माणूस प्रामाणिक, आणि तरी दोरीच्या लांबीबरोबर पीक बदलते. मग तुकडा कोणत्या शेतातला निवडला, विहिरीखालचा की माळावरचा, हे प्रश्न तर पुढेच राहिले. पैसेवारी ही साऱ्या गावाची एक. ज्याच्याकडे पाणी आहे त्याचे पीक सरासरी वर ओढते आणि कोरडवाहूवाल्याचे दुःख त्या सरासरीत बुडून जाते.

उंबरठा कोठे घालायचा हेही निसर्ग ठरवीत नाही. नैसर्गिक आपत्तीत पीक नुकसानीच्या मदतीसाठी २०१५ पर्यंत किमान ५० टक्के हानी लागत असे. त्या वर्षी ती अट ३३ टक्क्यांवर आली. पाऊस आणि गारपीट पूर्वीचीच होती. सरकारने निर्णय केला आणि कालपर्यंत जो आपद्ग्रस्त नव्हता तो आपद्ग्रस्त झाला. निर्णय चांगलाच होता. मात्र निकषाच्या पोटात एक राजकीय निवाडा आधीच बसलेला असतो, हे अशा वेळी उघड दिसते.

राज्यांनी दुष्काळ जाहीर करण्यात चालढकल करावी, ही तक्रार घेऊन स्वराज अभियानाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ११ मे २०१६ रोजी न्या. लोकूर आणि न्या. रमणा यांनी बिहार, गुजरात आणि हरयाणा यांच्या टाळाटाळीची झाडाझडती घेतली आणि केंद्राला दुष्काळ संहिता सुधारण्यास सांगितले. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने २९ हजारांहून अधिक गावांच्या बाबतीत ‘दुष्काळसदृश’ ऐवजी ‘दुष्काळ’ असे वाचावे, असे ठरवले. शब्दांचा हा खेळ जुना आहे. ‘दुर्भिक्ष’ हा शब्दच राज्याच्या कायद्यांतून काढून टाकणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने १९६३ मध्ये केला होता. त्यानंतर दहा वर्षांच्या आत १९७२ आला, आणि १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे खडी फोडीत होती.

२०१६ च्या नव्या संहितेत पावसाची तूट, पेरणीचे क्षेत्र, जमिनीतील ओल, जलसाठे, उपग्रहावरून दिसणारा पिकांचा हिरवेपणा असे अनेक निर्देशांक आले. तलाठ्याच्या नजरेपेक्षा हे निःसंशय पुढचे पाऊल आहे. पण उपग्रहाला दिसलेले हिरवेपण पोटरीतल्या ज्वारीचे की तणाचे, हे सांगायला अखेर बांधावर माणूसच जावा लागतो. शिवाय तक्रार करायची कोणाकडे? तलाठ्याला चावडीवर गाठता येत होते. निर्देशांकाला गाठता येत नाही. ३१ ऑक्टोबर २०२३ ला या कसोट्यांतून महाराष्ट्रातील चाळीस तालुके दुष्काळी ठरले. असंतोष इतका उसळला की पुढच्याच महिन्यात राज्याने पावसाचे आपले वेगळे माप लावून हजाराच्या घरात महसूल मंडळे ‘दुष्काळसदृश’ म्हणून जाहीर केली. २०१६ मध्ये पुसलेला शब्द पुन्हा कागदावर आला.

या सगळ्या मापांत शेतमजूर कोठे आहे? पैसेवारीत जमीन मोजली जाते, संहितेत पाऊस आणि पीक. ज्याच्या नावे गुंठाभरही जमीन नाही त्याचे बुडालेले दिवस कोणत्याच रकान्यात पडत नाहीत. गंमत अशी की साम्राज्याच्या दुष्काळ संहितांना हे ठाऊक होते. तुटपुंज्या मजुरीची चाचणी कामे काढायची आणि किती माणसे येतात ते पाहायचे. गर्दी झाली तर दुष्काळ. निकष निर्दय होता, परंतु त्यात काटा हलवणारे हात उपाशी माणसाचे होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना, आणि तिला १९७७ मध्ये मिळालेले कायद्याचे रूप, यांनी या चाचणीतला निर्दयपणा काढून तिचा हक्क केला. मजुरांनी मागणी करायची, पंधरा दिवसांत काम द्यायचे, न दिल्यास भत्ता. गाव दुष्काळी आहे की नाही हा प्रश्न कोणी अधिकाऱ्याने आधी सोडवण्याची गरजच उरली नाही. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने हेच तत्त्व देशभर नेले.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. शंभराऐवजी एकशेपंचवीस दिवसांची हमी त्यात लिहिली आहे आणि त्याचा गाजावाजाही झाला. परंतु प्रत्येक राज्याचा वार्षिक वाटा केंद्र सरकारने ठरवायचा आणि त्यापलीकडचा खर्च राज्याने सोसायचा, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. हा वाटा ठरवण्याचा आधार म्हणून कायदा ‘वस्तुनिष्ठ निकषां’चेच नाव घेतो. ते निकष विहित करण्याचा अधिकारही केंद्राकडेच ठेवलेला आहे. मजुराच्या अर्जाने हलणारा काटा आता दिल्लीतल्या कोष्टकाने हलेल. खेड्याच्या पाटीदारांनी मागितलेली निःपक्ष चौकशी या कोष्टकाची कोण करणार, याबद्दल कायद्यात शोधूनही कलम सापडत नाही. तोवर मजुराच्या हाती राहते ते कामाच्या मागणीच्या अर्जावर तारखेसह मिळणारी पोच. ती एकेका मजुराला मिळते की नाही, हे गावोगावच्या कार्यकर्त्यांनी या उन्हाळ्यापासून पाहायचे आहे.