पोळ्याची भिंत

(धावडा येथे पोळ्याआधी प्रौढ वर्गात केलेले भाषण)



श्रावणी अमावस्या जवळ आली. त्या दिवशी आपण बैलाला औताला जुंपत नाही. आदल्या दिवशी त्याचे खांदे तूप-हळदीने मळतो. मग त्याला धुतो, शिंगे रंगवतो, बेगड लावतो. अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ, कपाळावर बाशिंग. वेशीवर आंब्याच्या पानांचे तोरण बांधतो. वर्षभर ज्याने आपला नांगर ओढला, त्याचा हा मान. हे सारे मिळून एक मोठे चित्रच असते. ते कोणी एकटा काढत नाही, सारा गाव काढतो.

पण आता गोठे रिकामे होत चालले. ट्रॅक्टर आला. काम लवकर उरकते, हे चांगलेच. पण ज्याच्या दारी बैल नाही, तो पोळ्याला लांब उभा राहून बघतो. अर्धा गाव नुसता बघणारा झाला, तर सण गावाचा कसा राहील?

यावर जुन्या लोकांकडून काही शिकता येईल.

आपले भोकरदन म्हणजे पूर्वीचे भोगवर्धन. सुमारे २००० वर्षांपूर्वी मध्य प्रदेशात सांची आणि भारहूत येथे स्तूपांचे मोठे काम झाले. तिथल्या दगडांवर झाडे, कमळे, वेली, हत्ती, हरणे कोरली. सारा पैसा कोण्या एका राजाने दिला नाही. गावोगावच्या लोकांनी एकेक दगड दिला आणि त्यावर आपले नाव कोरवले. त्यांत भोगवर्धनच्या लोकांचीही नावे आहेत!

अजिंठा तर आपल्या शेजारचा. तिथल्या छतांवर फुले, फळे, हंस, हत्ती आहेत. रंग कोणते? गेरू, पिवळी माती, चुना, काजळी. निळा तेवढा दूरदेशाहून आणला. बाकीचे बहुतेक इथल्याच मातीतले.

डहाणू-तलासरीकडचे वारली लोक बघा. लग्नघरी सवाष्णी शेणामातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. मधे पालघाट देवी, भोवती झाडे, जनावरे, पाखरे. खर्च पसाभर पिठाचा. त्याच वारल्यांतील जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

मग आपण काय करायचे? चावडीच्या ओसरीची एक भिंत घ्यायची. गेरूने सारवायची, वर चुन्याने चित्रे काढायची. ज्याच्याकडे बैल आहे, त्याने बैल सजवावा. ज्याच्याकडे नाही, त्याने भिंतीवर काढावा. नुसता बैलच का? विहिरीवरचा लिंब, बांधावरची बाभूळ, शेतातली टिटवी, कपाशीचे बोंड, जे आपल्याला पोसते आणि सोबत करते, ते सारे येऊ द्या. बायाबापड्यांनी हात लावावा, पोरांनीही लावावा.

आणखी एक सांगतो. शिंगांना ऑइलपेंट फासू नका. डोळ्यात गेला, तर मुक्या जनावराची आग होते. त्याचा मान करायचा आणि त्यालाच त्रास द्यायचा, हे बरे नव्हे. गेरू लावा.

कोणी म्हणेल, “मास्तर, ओल आली की चित्र जाईल.” जाऊ द्या. वेशीचे तोरण तरी आपण दर वर्षी नवेच बांधतो ना?

भोगवर्धनच्या लोकांची नावे दुसऱ्या कोणी कोरली. तुम्हांला आता स्वतः लिहिता येते. म्हणून ज्याने जे चित्र काढले, त्याखाली त्याने आपल्या हाताने आपले नाव लिहावे.